मळी : अर्धापूरचा ऊस, साखरेचे उपपदार्थ आणि मेंदू

नांदेडच्या उत्तरेला, हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेल्या अर्धापूरच्या काळ्या जमिनीत केळी, ऊस आणि हळद ही तीन पिके शेजारी शेजारी उभी असतात. त्यांपैकी दोन पिकांचे मोल त्यांत तयार होणाऱ्या साखरेवर ठरते. केळीचा घड पिकतो म्हणजे त्यातील पिष्टाची साखर होते, आणि उसाच्या कांड्यात जितकी साखर साठते तितका त्याचा ‘उतारा’, म्हणजे गाळलेल्या उसामागे मिळणाऱ्या साखरेचे प्रमाण, अधिक असतो. गोडाचा इतिहास आजवर बहुधा या उताऱ्याच्या बाजूनेच लिहिला गेला आहे : किती टन ऊस गाळला, किती पोती साखर निघाली, काय भाव मिळाला. परंतु साखर जेथे जेथे तापते, मोडते किंवा जळते, तेथे तेथे तिच्यापासून काही दुय्यम पदार्थही निर्माण होतात. ते काहिलीत होतात, कारखान्यात होतात आणि माणसाच्या शरीरातही होतात. गुऱ्हाळात आणि कारखान्यात अशा नको असलेल्या भागाला मळी म्हणतात आणि ती वेळच्या वेळी बाजूला काढण्याची व्यवस्था असते. शरीरातही तशी व्यवस्था आहे, पण ती मागे पडली तर सर्वांत मोठी किंमत मेंदूच्या पेशींना मोजावी लागते, हे समजायला विज्ञानाला जवळजवळ एक शतक लागले. अर्धापूरसारख्या ऊसपट्ट्याचा इतिहास आणि या ज्ञानाचा इतिहास एकमेकांशेजारी ठेवून वाचणे म्हणूनच उपयोगाचे आहे.

उसाच्या रसापासून काय काय होते याची भारतीय परंपरेतील नोंद फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गुड, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा असा क्रम येतो. फाणित म्हणजे आटवलेला दाट रस, आजच्या काकवीच्या जवळचा. तेथून शर्करेपर्यंतची प्रत्येक पायरी म्हणजे रसातील पाणी आणि मळ आणखी एकदा वेगळा करण्याची पायरी होय. ‘शर्करा’ या शब्दाचा मूळ अर्थ खडे किंवा बारीक गोटे असा आहे, आणि हाच शब्द अरबी-फारसीतून पुढे युरोपीय भाषांत गेला. याच परंपरेने गोडाची दुसरी बाजूही पाहिली होती. आयुर्वेदाच्या संहितांत प्रमेहाचे २० प्रकार सांगितले आहेत, त्यांपैकी एकाचे नाव थेट उसाच्या रसावरून पडले आहे आणि दुसऱ्याचे, मधुमेहाचे, मधावरून. अशा रुग्णाच्या मूत्राकडे मुंग्या धावतात हे निरीक्षणही त्यांत आहे. सुश्रुतसंहितेने जन्मजात आणि अपथ्यामुळे होणारा असे प्रमेहाचे दोन वर्ग केले. मूत्राची ही गोडी साखरेचीच असते आणि ती रक्तातही असते, हे प्रयोगाने दाखवले ते इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे काम करणाऱ्या मॅथ्यू डॉब्सन या वैद्याने, १७७६ साली. उसाच्या शेताजवळ राहणाऱ्या समाजाने रोगाला उसाचे नाव देण्यात आणि रक्तातली साखर सिद्ध होण्यात इतक्या शतकांचे अंतर पडले.

मराठवाड्यात ऊस हे दीर्घकाळ विहिरीच्या पाण्यावरचे, म्हणून थोडक्या जमिनीवरचे पीक होते. बैलांच्या मोटेने जितकी जमीन भिजेल तितकाच ऊस लावता येई, आणि तो साखरेसाठी नसून गुळासाठी असे. हिवाळ्यात गुऱ्हाळ उभे राही. मध्यभागी उसाचा चरक, त्याला जुंपलेली बैलजोडी, बाजूला जमिनीत खणलेले चुलाण आणि त्यावर बसवलेली रुंद, पसरट काहील. पूर्वी लाकडाचे किंवा दगडाचे असणारे चरक १८७०च्या दशकात बिहारमधील बिहिया येथे लोखंडाचे बनू लागले, आणि पुढे महाराष्ट्रात किर्लोस्करवाडीच्या कारखान्यानेही लोखंडी चरक शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवले. त्यामुळे त्याच उसातून अधिक रस निघू लागला, परंतु काहिलीपुढचे काम पूर्वीप्रमाणे माणसाच्या डोळ्यावर आणि हातावरच राहिले.

ते काम गुळव्याचे. चुलाणात वाळलेली चिपाडे सारणारा जळव्या आणि काहिलीवर लक्ष ठेवणारा गुळव्या या दोघांच्या मेळावर सगळा गूळ अवलंबून असतो, कारण आच थोडी मंद झाली तर गूळ बसत नाही आणि थोडी तेज झाली तर तो काळवंडतो. रस तापू लागला की त्यात बेताने चुना टाकतात, ज्यामुळे रसाचा आंबटपणा कमी होतो. रानभेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, जो रसातील गाळ आणि प्रथिने गोळा करून वर आणतो. काळपट, फेसाळ थर वर आला की तो झाऱ्याने काढून टाकतात. हीच गुऱ्हाळातली मळी. मळी पुरती निघाली नाही तर गूळ चिघळतो, टिकत नाही आणि बाजारात उतरत नाही, त्यामुळे गुळव्याचे खरे कौशल्य पाक आटवण्यापेक्षा मळी ओळखण्यात आणि वेळेवर काढण्यात मानले जाते. पुढे पाक दाट होतो, त्याचे बुडबुडे मोठे आणि जड होतात. गुळव्या त्यातला थेंब थंड पाण्यात सोडून त्याची गोळी होते का हे बोटांनी तपासतो, आणि साधारण ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास, थर्मामीटर न लावता, काहील उतरवण्याचा इशारा देतो. पाक वाफ्यात ओतून फावड्याने घोटला जातो आणि साच्यात ढेप बनते. या दिवसांत गुऱ्हाळावर आलेल्याला रस, काकवी किंवा गरम गूळ न देता परत पाठवायचे नाही, अशी रीत होती, आणि ती गावाच्या वर्षातील गोडाचा एक मोठा, पण मोजक्या दिवसांचा वाटा होती.

काहिलीत रस पिवळ्याचा तांबूस आणि तांबूसचा तपकिरी का होतो, याचे उत्तर गुळव्याला द्यावे लागत नसे. त्याला तो रंग आवरायचा असे. उत्तराचा मोठा भाग १९१२ साली लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ-वैद्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडला. अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे मूळ घटक, साखरेसोबत तापवली की ती एकमेकांना चिकटतात आणि टप्प्याटप्प्याने तपकिरी, सुगंधी, गुंतागुंतीचे पदार्थ तयार होतात, असे त्याला आढळले. भाकरीचा करपलेला पापुद्रा, भाजलेल्या दाण्यांचा वास आणि काही अंशी गुळाचा रंग हे सारे याच क्रियेचे रूप आहे, आणि त्यातील अखेरच्या तपकिरी पदार्थांना मेलॅनॉइडिन म्हणतात. मायारने त्याच वेळी आणखी एक शक्यता सुचवली होती : हीच क्रिया सजीवाच्या शरीरात, विशेषतः मधुमेहात, घडत असेल. चुलीवर जी क्रिया तासाभरात होते ती सदतीस अंशांच्या शरीरात महिन्यांत आणि वर्षांत होऊ शकेल, ही कल्पना त्या काळात फार पुढची होती आणि अर्धशतकाहून अधिक काळ ती जवळजवळ तशीच पडून राहिली. योगायोगाने १९१२ हेच कोईमतूरच्या ऊस पैदास केंद्राच्या स्थापनेचे वर्ष आहे, जेथून निघालेल्या ‘को’ जातींनी पुढे भारतातील उसाचे चित्र पालटले. एकाच वर्षी अधिक साखरेचा मार्ग आणि साखरेच्या परिणामांचा मार्ग दोन वेगळ्या खंडांत आखला गेला, आणि पहिला मार्ग कितीतरी वेगाने चालला गेला.

साखर कारखानदारीने मात्र तपकिरीपणाला त्याआधीच शत्रू ठरवले होते. १८१३च्या सुमारास एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने हवा काढून घेतलेल्या बंद भांड्यात रस आटवण्याची युक्ती काढली. दाब कमी असल्याने रस कमी तापमानाला उकळतो आणि करपत नाही. आजच्या प्रत्येक कारखान्यातले व्हॅक्यूम पॅन हे त्याच युक्तीचे वारसदार आहेत. चुना आणि गंधकाचा धूर यांनी रस निवळवायचा, व्हॅक्यूम पॅनमध्ये दाणा धरायचा आणि वेगाने फिरणाऱ्या यंत्रात दाणे व चिकट काळा द्रव वेगळे करायचे, असा हा क्रम. उरलेल्या काळ्या द्रवालाही मराठीत मळीच म्हणतात, आणि तिच्यात न बसलेली साखर, क्षार आणि तपकिरी पदार्थ एकवटलेले असतात. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याचा गडद रंग सहजी जात नाही याचे एक कारण त्यातील मेलॅनॉइडिन हेच आहे. ऊसपट्ट्यातील ओढ्या-नाल्यांनी हे रसायन शरीरशास्त्रज्ञांच्याही आधी अनुभवले आहे, असे म्हणणे चुकीचे ठरणार नाही.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि या प्रदेशाला मोठ्या साखर कारखान्याचे पहिले दर्शन झाले ते आजच्या नांदेड जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, बोधन येथे. मांजरा नदीवर १९३१ साली पूर्ण झालेल्या निजामसागर धरणाच्या पाण्यावर ऊस उभा राहिला आणि १९३७ साली तेथे निजाम शुगर फॅक्टरी सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर दिशा बदलली. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने नगर जिल्ह्यातील प्रवरानगर येथे शेतकऱ्यांच्या मालकीचा सहकारी कारखाना १९५०च्या अखेरीस गाळपाला लागला, आणि तो नमुना महाराष्ट्रभर पसरत मराठवाड्यात लातूरच्या मांजरा आणि नांदेडच्या कलंबर कारखान्यांपर्यंत आला. अर्धापूरच्या बाबतीत निर्णायक ठरले ते पाणी. पूर्णा नदीवरील येलदरी-सिद्धेश्वर प्रकल्प आणि पैनगंगेवरील इसापूर धरण यांच्या कालव्यांनी नांदेड-हिंगोलीच्या या पट्ट्यात मोटेच्या मर्यादा मोडल्या. नांदेडचे नेते आणि दोन वेळा मुख्यमंत्री झालेले शंकरराव चव्हाण यांनी पाटबंधाऱ्यांना दिलेले महत्त्व या बदलामागे होते, आणि त्यांच्या वडिलांच्या नावाने उभा राहिलेला भाऊराव चव्हाण सहकारी साखर कारखाना अर्धापूर तालुक्यातच, लक्ष्मीनगर, देगाव-येळेगाव येथे आहे. ज्या शिवारात पूर्वी विहिरीच्या पाण्यापुरता ऊस होता, तेथे कोयता घेऊन येणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या, उसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या रांगा आणि रात्रंदिवस चालणारा गाळप हंगाम हे वर्षाचे वेळापत्रक बनले.

या बदलाची नोंद आकडेवारीत होते, पण घरातल्या गोडाच्या चालीरीतींत झालेला बदल तितकाच महत्त्वाचा आहे. पूर्वी गूळ रोजच्या स्वयंपाकात असला तरी चिमूटभर असे. मोठा गोडवा सणाचा असे, संक्रांतीचा तिळगूळ, होळीची पोळी, पोळ्याचे पुरण. उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या ठेवला जाई. आनंदाची बातमी सांगताना साखर वाटली जाई, आणि ती वाटण्याजोगी होती कारण ती दुर्मीळ होती. दुसऱ्या महायुद्धापासून पुढे कित्येक वर्षे साखर शिधापत्रिकेवर मोजून मिळे. चहाने हे मोजमाप हळूहळू मोडले. दिवसातून दोनदा-चारदा, आल्यागेल्यासोबत आणखी दोनदा, साखरेचा गोडवा शरीरात जाऊ लागला, आणि त्याला हंगाम राहिला नाही. हा बदल लोभामुळे झाला असे मानणे अन्यायाचे होईल. टंचाईच्या पिढ्यांनंतर आलेली ती सुबत्ता होती. परंतु शरीरातील मळी काढणारी व्यवस्था जुन्या मोजमापावर बेतलेली होती.

शरीरातल्या त्या मळीचे नाव मिथिलग्लायॉक्सल. पेशी ग्लुकोज मोडून ऊर्जा मिळवतात तेव्हा वाटेत तीन कार्बन अणूंचे दोन फॉस्फेटयुक्त तुकडे तयार होतात, आणि त्यांपैकी अगदी थोडे तुकडे, कोणत्याही विकराच्या मदतीशिवाय, आपोआप मोडून मिथिलग्लायॉक्सल बनतात. विकर म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, ज्याला एन्झाइम म्हणतात. हा उपपदार्थ प्रथिनांना चिकटण्यात ग्लुकोजपेक्षा हजारो पटींनी तत्पर असतो. याचा इतिहासही वळणावळणाचा आहे. १९१३ साली अमेरिकेत हेन्री डॅकिन व हॅरल्ड डडली यांनी आणि जर्मनीत कार्ल नॉयबर्ग यांनी प्राण्यांच्या ऊतींत मिथिलग्लायॉक्सलचे लॅक्टिक आम्लात रूपांतर करणारे विकर शोधले. तेव्हा असा समज झाला की मिथिलग्लायॉक्सल हा साखर मोडण्याच्या मुख्य रस्त्यावरचाच एक मुक्काम आहे. १९३०च्या दशकात खरा रस्ता उलगडला आणि त्यावर हा मुक्काम नव्हता. मग जवळजवळ प्रत्येक पेशीत एवढे कार्यक्षम विकर कशासाठी, हा प्रश्न अनुत्तरित राहून बाजूला पडला. १९३२ साली कार्ल लोमान यांनी दाखवले की या विकराला ग्लुटाथायोन नावाचा छोटा रेणू लागतो, आणि १९५१ साली एफ्राइम रॅकर यांनी ते एक नसून जोडीने काम करणारी दोन विकरे असल्याचे स्पष्ट केले. ग्लायॉक्सलेज नावाची ही जोडी म्हणजे पेशीतला गुळव्याच होय. ती मिथिलग्लायॉक्सल ग्लुटाथायोनला बांधते, त्याचे निरुपद्रवी लॅक्टेट बनवते आणि ग्लुटाथायोन पुन्हा मोकळा करते. उपमा येथपर्यंतच पुरते. काहिलीतल्या मळीला माणूस पाहतो, पेशीतली मळी कोणालाच दिसत नाही.

शरीरात साखर प्रथिनांना चिकटते याचा ठोस पुरावा रक्तातून आला. तेहरानमधील सॅम्युएल राहबार यांना १९६८ साली मधुमेही रुग्णांच्या रक्तात एक वेगळे हिमोग्लोबिन अधिक प्रमाणात आढळले, आणि ते साखर चिकटलेले हिमोग्लोबिन असल्याचे लवकरच स्पष्ट झाले. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, त्यामुळे हे चिकटणे मागच्या काही महिन्यांच्या साखरेचा हिशेब ठेवते. आज नांदेडपासून लहान गावांपर्यंत ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणून जी तपासणी ओळखली जाते ती हीच, आणि ती मायारने १९१२ साली वर्तवलेल्या क्रियेचेच मोजमाप आहे. या चिकटण्याला ग्लायकेशन म्हणतात. ते पुढे पुढे जाऊन प्रथिने कायमची बिघडवते तेव्हा बनणाऱ्या पदार्थांना प्रगत ग्लायकेशन उपपदार्थ असे नाव आहे. फ्रँकलिन बन आणि पॉल हिगिन्स यांनी १९८१ साली दाखवले की तत्सम शर्करांत ग्लुकोज सर्वांत कमी चिकटणारी आहे, फ्रुक्टोज तिच्यापेक्षा कित्येक पटींनी अधिक. आणि सजीवांनी इंधन म्हणून ग्लुकोज निवडण्यामागे हेच कारण असावे, असा तर्क त्यांनी मांडला. उसाची साखर आतड्यात मोडून अर्धी ग्लुकोज आणि अर्धी फ्रुक्टोज होते, ही गोष्ट येथे विसरता येत नाही, आणि गुळातील साखरही तीच असल्याने गूळ मधुमेहींना निर्धोक आहे हा समज टिकत नाही.

मेंदू या गोष्टीत सर्वांत नाजूक का ठरतो, याला कारणे आहेत. शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असलेला हा अवयव शरीराच्या एकूण ऑक्सिजनपैकी सुमारे वीस टक्के ऑक्सिजन वापरतो आणि प्रामुख्याने ग्लुकोजवर चालतो. ऑक्सिजनच्या साहाय्याने ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकाँड्रिया या पेशीतील भट्ट्यांमधून थोडे अर्धवट जळलेले, अतिशय चपळ ऑक्सिजन-रेणू निसटतात. ते निष्प्रभ करण्याच्या क्षमतेपेक्षा अधिक झाले की पेशीच्या आवरणातील स्निग्धे, प्रथिने आणि डीएनए यांना इजा होते. या स्थितीला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे ऑक्सिडीकरणाचा ताण, हे नाव १९८५ साली हेल्मुट झीस यांनी रूढ केले. मेंदूतील पेशींच्या आवरणात सहज ऑक्सिडीकृत होणारी स्निग्धे भरपूर असतात, आणि चेतापेशी बहुतांशी पुन्हा जन्मत नाहीत. जन्मापासून मरणापर्यंत त्याच असल्याने त्यांना चिकटलेले ओझे त्यांच्यावरच साठते.

येथे साखरेचा उपपदार्थ आणि ऑक्सिजनचा ताण एकमेकांत गुंततात. ज्या ग्लुटाथायोनने मिथिलग्लायॉक्सल बांधायचे, त्याच ग्लुटाथायोनने चपळ ऑक्सिजन-रेणू विझवायचे असतात. साखर वाढली की मायकेल ब्राउनली यांनी २००१ साली मांडल्याप्रमाणे मायटोकाँड्रियातून सुपरऑक्साइड हा ऑक्सिजनचा आक्रमक प्रकार अधिक निसटतो. तो विझवण्यात ग्लुटाथायोन खर्ची पडतो. ग्लुटाथायोन कमी पडला की मिथिलग्लायॉक्सल साचतो. आणि साचलेला मिथिलग्लायॉक्सल मायटोकाँड्रियातीलच प्रथिनांना चिकटून पुन्हा अधिक सुपरऑक्साइड निसटू देतो. एकाच गड्याला दोन काहिली सांभाळायला लावल्यावर जे होईल तेच येथे होते. शिवाय ग्लायकेशन उपपदार्थ पेशीच्या पृष्ठभागावरील एका विशिष्ट ग्राहकाला, म्हणजे रिसेप्टरला, चिकटतात आणि पेशीत दाह पेटवतात. १९९२ साली ओळखल्या गेलेल्या या ग्राहकाला अल्झायमरच्या रोगात मेंदूत साचणारे अमायलॉइड बीटा हे प्रथिनही चिकटते, असे १९९६ साली दिसून आले.

निसर्गाने या धोक्याची व्यवस्था मेंदूत मोठ्या कौशल्याने केली आहे, आणि तिचा शोध अलीकडचा आहे. सालामांका येथील शास्त्रज्ञांनी २००९ साली दाखवले की चेतापेशी साखर मोडण्याचा वेग मुद्दाम कमी ठेवतात. तो वेग कृत्रिमरीत्या वाढवला तर त्यांचा ग्लुटाथायोन-साठा कोलमडतो आणि त्या मरतात. दोन वर्षांनी स्वित्झर्लंडमधील संशोधकांना आढळले की चेतापेशींच्या शेजारी असणाऱ्या, त्यांना आधार देणाऱ्या तारापेशींत, ज्यांना अॅस्ट्रोसाइट म्हणतात, ग्लायॉक्सलेजची क्षमता कितीतरी अधिक असते. म्हणजे साखर मोडण्याचे मळकट काम बव्हंशी तारापेशी करतात आणि त्यातून तयार झालेले लॅक्टेट चेतापेशींना पुरवतात. चेतापेशी मळीपासून दूर राहते ती अशी. ही श्रमविभागणी या साऱ्या विषयातील सर्वांत सुंदर गोष्ट आहे, आणि मधुमेहात तीच ताणली जाते.

तरीही निष्कर्ष काढताना सावध राहायला हवे. प्रयोगशाळेत चेतापेशींवर मिथिलग्लायॉक्सल ओतून त्या मरताना दाखवणे सोपे आहे, कारण तेथे वापरले जाणारे प्रमाण रक्तातील प्रमाणापेक्षा खूप अधिक असते. अल्झायमरच्या मेंदूतील गाठींमध्ये ग्लायकेशन उपपदार्थ असल्याचे १९९४ साली दाखवले गेले, पण ते कारण आहेत की आधीच आजारी पेशींचा अवशेष, हा वाद पूर्णपणे मिटलेला नाही. माणसांच्या समूहांचा पुरावा अधिक भक्कम आहे. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथील दीर्घ पाहणीत १९९९ साली आढळले की मधुमेह असलेल्या वयस्करांना स्मृतिभ्रंश होण्याचा धोका जवळजवळ दुप्पट होता. त्यात मेंदूच्या रक्तवाहिन्यांची हानी आणि इन्शुलिनच्या कामातील बिघाड यांचाही वाटा असतो. ग्लायकेशन रोखण्यासाठी अमिनोग्वानिडीन नावाचे द्रव्य १९८६ साली प्राण्यांत उपयोगी ठरले होते, पण माणसांत त्याचे औषध होऊ शकले नाही. एक चमचा साखरेने चेतापेशी मरत नाहीत; वर्षानुवर्षे चढून राहिलेली रक्तातील साखर मात्र व्यवस्था थकवते, एवढे ठामपणे सांगता येते.

हे थकणे महाराष्ट्रात दूरच्या देशांची गोष्ट राहिलेले नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीच्या पहिल्या टप्प्यात, २०११ साली, महाराष्ट्रातील प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के आढळले, आणि संपूर्ण पाहणीच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत देशातील मधुमेहींची संख्या १०.१ कोटी सांगितली गेली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ साली सुरू केलेल्या अभ्यासाने या आकड्यांमागची एक जुनी गोष्ट उजेडात आणली. येथील बाळे सरासरी सुमारे २.७ किलो वजनाची, म्हणजे इंग्लंडमधील बाळांच्या सुमारे ३.५ किलोपेक्षा बरीच लहान असत, परंतु त्यांच्या शरीरात चरबीचा वाटा तुलनेने अधिक असे. बारीक दिसणारे, पण आतून चरबीचे. आईच्या पोटातच अपुऱ्या पोषणाने असे घडलेले शरीर पुढे भरपूर साखरेच्या काळात आले तर मधुमेहाकडे लवकर झुकते, असा या संशोधनाचा अर्थ आहे. दुष्काळ आणि टंचाई ओळखणाऱ्या मराठवाड्यासारख्या प्रदेशासाठी हा अर्थ विशेष गंभीर आहे, कारण येथे कालव्याचे पाणी आणि रोजची साखर एका पिढीच्या अंतरात आली, तर मागच्या पिढ्यांची उपासमार शरीरात अजून शिल्लक आहे.

अर्धापूरच्या तिसऱ्या पिकाचा संबंध येथे येतो. गूळ करण्याच्या काहिलीतच हळद शिजवण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे; गुऱ्हाळाचा हंगाम ओसरत असताना, माघ-फाल्गुनात, हळदीचे गड्डे आणि हळकुंडे वेगळी करून, पाण्यात उकडून, उन्हात वाळवून आणि घासून तयार केली जातात, आणि वसमत, हिंगोली व नांदेडच्या बाजारांत जातात. हळदीतील पिवळे द्रव्य, कुरकुमिन, १८१५ साली प्रथम वेगळे केले गेले. प्रयोगनळीत कुरकुमिन मिथिलग्लायॉक्सलला बांधून ठेवते आणि चपळ ऑक्सिजन-रेणूही विझवते, असे दिसले आहे. परंतु खाल्लेले कुरकुमिन रक्तात फारच थोडे उतरते, आणि माणसांच्या मेंदूवर त्याचा ठोस उपयोग सिद्ध झालेला नाही. भाजीतली हळद साखरेचा हिशेब फेडते असे सांगणे म्हणजे शेतकऱ्याच्या मालाला खोटी प्रतिष्ठा देणे होईल, आणि अर्धापूरच्या हळदीला तिची गरज नाही. आता काहिलींच्या जागी वाफेवर चालणारे पत्र्याचे कुकर शेतात येऊन उभे राहतात आणि पूर्वीच्या मानाने फार थोड्या वेळात हळद शिजते. शिजली की नाही हे पाहण्याची पद्धत मात्र बदललेली नाही : एक गरम हळकुंड उचलून त्यात काडी टोचतात, ती विनासायास आरपार गेली की वाफ बंद करतात, आणि वाळल्यानंतर तेच हळकुंड मोडून आतला रंग उजेडात धरून पाहतात.